बालक्रीडांगणांची सुरक्षितता : देखभालीचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला व्याख्यानासाठी बोलावले की तो वित्तीय तूट, चलनवाढ किंवा कररचना यांवर बोलेल अशी अपेक्षा असते. मी मात्र आज झोपाळा, घसरगुंडी आणि सी-सॉ यांविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु सार्वजनिक वित्तव्यवहारातील एक मूलभूत दोष जितक्या स्पष्टपणे बालक्रीडांगणात दिसतो, तितका तो मोठ्या धरणांच्या किंवा महामार्गांच्या हिशेबात क्वचितच दिसतो. तुमच्यापैकी काहीजण उद्या मुख्याधिकारी, गटविकास अधिकारी, लेखाधिकारी होतील. तेव्हा हा दोष तुमच्या स्वाक्षरीखाली घडू नये, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभ माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी नागरी सुविधांच्या मूल्यमापनाचे काम माझ्याकडे आले होते. बागांसाठीचा तक्ता मीच तयार केला होता. किती बागा विकसित झाल्या, किती खेळणी बसवली, मंजूर निधीपैकी किती टक्के खर्च झाला, असे त्यात रकाने होते. एका बागेला या तक्त्यानुसार पूर्ण गुण मिळाले. प्रत्यक्ष पाहणीस गेलो तेव्हा तेथील दोन झोपाळ्यांपैकी एक झोपाळा दोरीने वरच्या आडव्या नळीला बांधून ठेवलेला आढळला. बागेतील माळ्याने साखळीची कडी काढून माझ्या हातावर ठेवली. घासून घासून ती एका बाजूने काडीएवढी पातळ झाली होती. आदल्या महिन्यात शेजारच्या झोपाळ्याची अशीच कडी तुटून एका मुलीचे कोपर मोडले होते. झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक होते. माळी म्हणाला, "साहेब, नवा झोपाळा मागितला तर मंजूर होतो. कडी मागितली की हेड नाही म्हणतात."

माझ्या तक्त्यातही कडीसाठी रकाना नव्हता. त्या मुलीच्या दुखापतीनंतरही बागेचे गुण कमी होणार नव्हते, कारण मी मोजत होतो ते बसवलेले खेळणे. सुरक्षित असलेले खेळणे नव्हे. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

संविधान आणि कायदा

प्रथम कायदेशीर चौकट पाहू. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने (१९९२) बारावी अनुसूची जोडली गेली. अनुच्छेद २४३ डब्ल्यू अन्वये राज्य विधिमंडळ नगरपालिकांकडे जे १८ विषय सोपवू शकते, त्यांतील बारावा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुखसोयींची तरतूद हा आहे. ७३व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत आणि त्यांतील शेवटचा, एकोणतिसावा विषय 'सामूहिक मालमत्तेची देखभाल' असा आहे. या दोन अनुसूची शेजारी ठेवून वाचल्यास एक मार्मिक फरक ध्यानात येतो. ग्रामीण भागासाठी देखभाल हा स्वतंत्र विषय म्हणून नोंदला गेला. नागरी भागासाठी 'तरतूद' हा शब्द आला, देखभालीचे स्वतंत्र कलम आले नाही. तरतुदीत देखभाल अभिप्रेतच आहे, असा युक्तिवाद योग्य आहे. परंतु जे अभिप्रेत असते आणि लिहिलेले नसते, त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा मिळवणे कठीण जाते.

अनुच्छेद ३९ (एफ) मध्ये बालकांना निरोगी रीतीने आणि स्वातंत्र्य व प्रतिष्ठेच्या वातावरणात विकासाची संधी मिळावी, असे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व आहे. त्याचे सध्याचे शब्दरूप १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ३१ मध्ये विश्रांती, खेळ व मनोरंजन हा बालकाचा हक्क मानला आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणून घोषित केला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शालेय इमारतीच्या मानकांमध्ये क्रीडांगणाचा समावेश आहे.

खेळण्यासाठी जागा राखलेली असली तरी ती हातून निसटू शकते, याचे उदाहरण बंगळूरचे आहे. तेथे सार्वजनिक उद्यानासाठी राखीव असलेली मोकळी जागा एका खाजगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. 'बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' या १९९१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कृती अवैध ठरवली. लोकांच्या हितासाठी राखलेली मोकळी जागा प्रशासनाच्या मर्जीने खाजगी उपयोगाकडे वळवता येत नाही, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

याप्रमाणे जागेचा हक्क बऱ्याच अंशी कागदावर आला आहे. त्या जागेवर उभे केलेले साधन पाच वर्षांनी कोणत्या अवस्थेत असावे, याबाबत मात्र आपले कायदे व योजना बहुतांशी मौन पाळतात.

दुखापत कशी होते?

या प्रश्नाचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच खेळण्याकडे जाते. खेळणे मोडले होते काय, मूल निष्काळजी होते काय, असे आपण विचारतो. आकडेवारी मात्र दुसरीकडे बोट दाखवते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९९ या एका वर्षात त्या देशात खेळाच्या साधनांशी संबंधित दोन लाखांहून अधिक दुखापतींवर रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार झाले. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती सार्वजनिक साधनांवरच्या होत्या, आणि सार्वजनिक साधनांवरच्या दुखापतींपैकी सुमारे ७९ टक्के पडण्यामुळे, प्रामुख्याने खालच्या जमिनीवर पडण्यामुळे, झालेल्या होत्या.

येथे शालेय भौतिकशास्त्र उपयोगी पडते. दोन मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर असतो. हा वेग मुलाच्या वजनावर अवलंबून नसतो. तो केवळ उंचीवर अवलंबून असतो. दुखापत किती होईल हे मात्र तो वेग शून्य होण्यास किती अंतर मिळते यावर ठरते. काँक्रीटवर किंवा पेव्हर ब्लॉकवर हे अंतर फार तर एक सेंटिमीटरच्या आसपास मिळते. अशा वेळी शरीराला बसणारा सरासरी आघात गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. तेच अंतर मऊ पृष्ठभागाने वीस सेंटिमीटर करून दिले तर आघात दहा पटीवर येतो. मूल तेच, झोपाळा तोच, उंचीही तीच. परंतु एका जागी डोक्याला गंभीर इजा होते आणि दुसऱ्या जागी मूल कपडे झटकून पुन्हा रांगेत उभे राहते.

म्हणूनच वरील आयोगाने १९८१ पासून प्रसिद्ध केलेल्या व वेळोवेळी सुधारलेल्या मार्गदर्शिकेत काँक्रीट आणि डांबर हे पृष्ठभाग सर्वस्वी अयोग्य मानले आहेत. आश्चर्याची गोष्ट अशी की हिरवळ आणि साधी माती यांनाही त्यात संरक्षक पृष्ठभाग मानलेले नाही, कारण वापराने व हवामानाने त्यांची धक्का शोषण्याची क्षमता नाहीशी होते. नऊ इंच जाडीचा लाकडी ढलप्यांचा थर सुमारे दहा फुटांपर्यंतच्या पडण्यास पुरेसा मानला आहे. तेवढ्याच जाडीचा वाळूचा थर केवळ चार फुटांपर्यंत. आपल्याकडील घसरगुंडी अनेकदा सहा फूट उंच असते आणि तिच्याखाली वाळू टाकली की काम झाले असे समजले जाते. शिवाय ती वाळू पहिल्या पावसाळ्यात वाहून जाते. मुलांच्या पायांनी झोपाळ्याखाली खड्डा पडतो आणि खांबाचा काँक्रीटचा पाया उघडा पडतो. संरक्षणासाठी आणलेल्या वस्तूच्या जागी तेवढ्या वेळात नवा धोका उभा राहतो.

पडण्याखेरीज आणखी काही प्रकार आहेत. कठड्याच्या दोन गजांमधील फट साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान असेल तर मुलाचे शरीर तीतून पलीकडे जाते आणि डोके अडकते. गळ्यातील ओढणी किंवा सदऱ्याची नाडी घसरगुंडीच्या वर आलेल्या बोल्टात अडकल्यास परिणाम भयंकर होऊ शकतो. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या घसरगुंडीने लहान मुलाची त्वचा भाजते. घसरगुंडी सावलीत किंवा उत्तरेकडे तोंड करून बसवल्यास हे बऱ्याच अंशी टळते व त्यास वेगळा खर्च येत नाही. रंगातील शिसे हा न दिसणारा धोका आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. परंतु ही मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे, त्यामुळे लोखंडी खेळण्याला कोणता रंग दिला जात आहे हे खरेदी करणाऱ्याने विचारले पाहिजे.

घरचा झोपाळा आणि बागेतला झोपाळा

खेळण्यांच्या गुणवत्तेबाबत आपल्या देशात अलीकडे महत्त्वाचे पाऊल उचलले गेले. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. आयएस ९८७३ या मानकाच्या चौथ्या भागात झोपाळे, घसरगुंड्या व तत्सम साधनांचा विचार केला आहे. परंतु या भागाची व्याप्ती घरगुती वापरापुरती आहे. शाळा, पाळणाघरे व सार्वजनिक क्रीडांगणे यांतील साधने त्या भागात मोडत नाहीत.

हा भेद तांत्रिक दृष्टीने योग्यच आहे. अंगणातला झोपाळा दिवसातून चार वेळा हलतो, तर बागेतला हजार वेळा; दोहोंना एकच मानक लावता येणार नाही. त्याचा व्यावहारिक अर्थ मात्र समजून घेतला पाहिजे. घरचे खेळणे विकत घेणाऱ्या पालकाला केवळ चिन्ह पाहून काही खात्री बाळगता येते. नगरपालिकेच्या खरेदी अधिकाऱ्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. सार्वजनिक वापरासाठी कोणते मानक लागू राहील, हे त्याने निविदेतच लिहिले पाहिजे. युरोपातील ईएन ११७६ ही मानकमालिका व पृष्ठभागांसाठीचे ईएन ११७७ हे मानक जगात अनेक ठिकाणी आधार म्हणून वापरले जाते. ईएन ११७६ च्या सातव्या भागात तपासणीचे तीन स्तर सांगितले आहेत. पहिला स्तर नित्याच्या नजर-तपासणीचा. दुसरा एक ते तीन महिन्यांनी झीज व स्थैर्य पाहण्याचा. तिसरा वर्षातून एकदा पाया, गंज, सांधे व पृष्ठभाग यांच्या संपूर्ण परीक्षणाचा. खेळण्याचे मानक लिहिताना त्याच मानकात देखभालीचे वेळापत्रक लिहिले जाते, ही बाब आपण घेण्यासारखी आहे.

टोरांटो येथील पुरावा

सुरक्षिततेवर केलेला खर्च खरोखरच उपयोगी पडतो काय? अर्थशास्त्रज्ञ हा प्रश्न विचारणारच. कॅनडातील टोरांटो शहराने याचे उत्तर जवळजवळ प्रयोगशाळेसारखे दिले आहे. २००० साली तेथील शाळा मंडळाने प्राथमिक शाळांतील खेळाच्या साधनांचे परीक्षण केले आणि धोकादायक ठरलेली साधने काढली. २००५ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गटांची तुलना केली आहे. एका गटातील ८६ शाळांत धोकादायक साधने काढून नवी बसवली होती. दुसऱ्या गटातील २२५ शाळांत साधने धोकादायक ठरली नव्हती, म्हणून ती तशीच राहिली.

साधने बदललेल्या शाळांत दर हजार विद्यार्थ्यांमागे दरमहा दुखापतींचे प्रमाण २.६१ वरून १.६८ वर आले. न बदललेल्या शाळांत ते १.४४ वरून १.८१ वर गेले. तुम्ही अभ्यासत असलेल्या 'फरकांतील फरक' या पद्धतीचे हे सुबोध उदाहरण आहे. पहिल्या गटातील घट केवळ योगायोगाने किंवा हवामानाने झाली असती तर दुसऱ्या गटातही घट दिसली असती. तेथे तर वाढ दिसली. या अभ्यासातून दोन निष्कर्ष निघतात. साधनांची सुरक्षितता मोजता येते, आणि मोजून कृती केली तर दुखापती कमी होतात.

आपल्याकडे असा अभ्यास करावयाचा झाल्यास पहिली अडचण नोंदींची येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध करतो, परंतु तो मृत्यूंचा असतो. मोडलेले कोपर त्यात येत नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात यांत्रिक पाळणा कोसळून दोघांचा मृत्यू झाला तेव्हा देशभर चर्चा झाली. झोपाळ्याच्या कडीमुळे मोडलेला हात अस्थिरोग विभागाच्या नोंदवहीत 'पडल्यामुळे' या दोन शब्दांत संपतो. कोठून पडले व कशावर पडले, हे कोणी लिहीत नाही.

कडीला हेड का नसते?

आता माळ्याच्या वाक्याकडे परत येऊ. त्याच्या बोलण्यात सार्वजनिक वित्ताचा एक संपूर्ण धडा सामावला आहे. नवा झोपाळा हा भांडवली खर्च होय; कडी बदलणे हा महसुली खर्च होय. आपल्या विकास योजनांचा कल भांडवली खर्चाकडे असतो, आणि त्याला काही सबळ कारणेही आहेत. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचा (१९९३) उद्देशच टिकाऊ सामूहिक मालमत्ता निर्माण करणे हा होता. मालमत्तेच्या देखभालीची हमी वापरकर्त्या संस्थेकडून आधीच घ्यावी, असे तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले गेले. २०१५ च्या अमृत अभियानातही उद्यानांच्या विकासात बालस्नेही सुविधांना स्थान होते. म्हणजे निर्मितीचा पैसा वरून येतो आणि देखभालीचा भार स्थानिक संस्थेच्या महसुलावर पडतो. तो महसूल वेतन, पाणीपुरवठा व वीजबिले यांतच संपत असेल, तर देखभालीची हमी कागदावरच राहते.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, एका बागेतील खेळण्यांची किंमत ५ लाख रुपये आहे, संरक्षक पृष्ठभागास दीड लाख लागतात आणि तपासणी, सुटे भाग, रंगकाम व पृष्ठभागाची भर यांस वर्षाला ४० हजार रुपये लागतात. साधनांचे आयुष्य दहा वर्षांचे धरले तर एकूण खर्च साडेदहा लाख रुपये होतो. म्हणजे निविदेतील पाच लाखांचा आकडा हा खऱ्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी आहे. आता पृष्ठभाग आणि देखभाल दोन्ही वगळू. साधने पाच वर्षांत निकामी होतील व पुन्हा पाच लाखांची खरेदी होईल. दहा वर्षांचा खर्च १० लाख. वाचले केवळ पन्नास हजार, आणि त्या मोबदल्यात मुलांनी दहा वर्षे काँक्रीटवर खेळायचे, त्यांतील बराच काळ मोडक्या साधनांवर.

हे पन्नास हजारसुद्धा खऱ्या अर्थाने वाचलेले नसतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून केला. त्या मुलीच्या कोपराची शस्त्रक्रिया, प्लास्टर, आईची बुडालेली रोजी आणि शाळेचे गेलेले आठवडे यांची नोंद नगरपालिकेच्या ताळेबंदात कोठेही नाही. देखभालीवर न केलेला खर्च नाहीसा होत नाही. तो सार्वजनिक तिजोरीतून कुटुंबाच्या खिशात सरकतो. आणि तो सर्व कुटुंबांच्या खिशात सारखा सरकत नाही. ज्यांच्या गृहसंकुलात स्वतःचे खेळघर आहे त्यांची मुले सार्वजनिक बागेवर अवलंबून नसतात. ज्या मुलांचे घर दहा बाय दहाच्या खोलीत आहे, त्यांच्यासाठी तीच एक बाग असते. म्हणून देखभालीतील काटकसर ही व्यवहारात गरिबांवरची करआकारणी ठरते. या कराला विधिमंडळाची मंजुरी घ्यावी लागत नाही एवढेच.

दायित्वाचा प्रश्न

'झीज झाली हे आम्हाला माहीत नव्हते' हा बचाव न्यायालयात टिकतो काय? या संदर्भात 'दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती' हा १९६६ चा निर्णय प्रत्येक भावी प्रशासकाने वाचावा असा आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून काहीजण मृत्युमुखी पडले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता. त्यात वापरलेल्या चुन्याच्या मिश्रणाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचे मानले जात होते. रस्त्यालगतची अशी वास्तू ज्याच्या मालकीची व ताब्यात आहे, त्याच्यावर तिची नियमित तपासणी व देखभाल करण्याचे विशेष कर्तव्य आहे. दोष वरून दिसत नव्हता, या सबबीने तो दायित्वातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय मनोऱ्याचा आहे, झोपाळ्याचा नाही, हे खरे. तरीही त्यातील तर्क दूरवर जातो. ज्या वस्तूचे आयुष्य ठाऊक आहे, तिचे आयुष्य संपल्यावर अज्ञानाचा आधार घेता येत नाही. शिवाय बालकांच्या बाबतीत कायद्याची अपेक्षा अधिक कडक आहे. ग्लासगो येथील सार्वजनिक उद्यानातील विषारी फळे खाऊन एका सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, त्या खटल्यात ब्रिटिश हाऊस ऑफ लॉर्ड्सने उद्यानाच्या प्रशासनावर जबाबदारी येऊ शकते असे मानले. मुलाला आकर्षून घेणारी वस्तू समोर ठेवायची आणि त्याने सावध राहावे अशी अपेक्षा करायची, हे कायद्याला मान्य नाही. झोपाळा तर मुलांना आकर्षित करण्यासाठीच उभारलेला असतो.

सुरक्षितता म्हणजे कुलूप नव्हे

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. दायित्वाचा उल्लेख झाला की प्रशासनाचा पहिला विचार खेळणी काढून टाकण्याचा किंवा बागेला कुलूप लावण्याचा असतो. हा उपाय नव्हे. कुलूप लावलेल्या बागेबाहेरची मुले घरी जात नाहीत. ती रस्त्यावर खेळतात. धोका कमी होत नाही, तो आपल्या नोंदवहीतून दुसऱ्याच्या नोंदवहीत जातो.

यासाठी 'जोखीम' आणि 'धोका' यांत भेद करावा. उंच चढणे, वेगाने झोका घेणे, तोल सावरणे यांत जोखीम आहे. ती मुलाला दिसते, तो तिचा अंदाज घेतो आणि त्यातून शिकतो. झिजलेली कडी, सैल पाया, डोके अडकवणारी फट हा धोका आहे. तो मुलाला दिसत नाही आणि त्यातून तो काही शिकतही नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षितता विभागाने २०१२ मध्ये याच आशयाची भूमिका घेतली होती. खेळातून सर्व जोखीम काढून टाकणे हे उद्दिष्ट नसून लाभ व जोखीम यांचा तोल राखणे हे उद्दिष्ट होय, असे त्यात स्पष्ट केले होते. जोखीम मुलांसाठी ठेवावी, धोका मात्र मोठ्यांनी काढावा, असे सूत्र मी सुचवीन.

प्रशासकाच्या हाती काय आहे?

या कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निविदेतील किंमत खेळण्याची न मागता दहा वर्षांच्या सेवेची मागावी, म्हणजे पृष्ठभाग, सुटे भाग व तपासणी हे सारे त्याच करारात येते व पुरवठादारालाच टिकाऊ साधन देण्यात स्वारस्य उरते. अंदाजपत्रकात क्रीडांगण देखभालीसाठी लहानसे का होईना, स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावे आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च करण्याचा अधिकार बागेच्या स्तरावर द्यावा. पन्नास रुपयांच्या कडीसाठी तीन स्वाक्षऱ्या लागत असतील तर कडी बदलली जात नाही, झोपाळा दोरीने बांधला जातो.

प्रत्येक साधनाला क्रमांक व नोंदवही असावी. आपल्या हवामानात दोन तपासण्या अपरिहार्य आहेत. पावसाळ्यापूर्वी सांधे, बोल्ट व विजेच्या खांबांची जोडणी पाहावी. पावसाळ्यानंतर गंज, पाया व वाहून गेलेला पृष्ठभाग पाहावा. रुग्णालयांनी बालकांच्या दुखापतीची नोंद करताना ठिकाण आणि पृष्ठभाग हे दोन रकाने वाढवावेत. ग्रामीण भागात शाळा व्यवस्थापन समितीला हे काम सहज करता येईल; समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिक शाळेला १० हजार व माध्यमिक स्तरावर २५ हजार रुपयांपर्यंत वार्षिक क्रीडा अनुदानाची तरतूद केली गेली. साहित्य खरेदी करताना मैदानावरील जुन्या साधनांची अवस्था त्याच बैठकीत तपासली जाणे अशक्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लक्षात घेता सपाट व मऊ पृष्ठभागाचा आणखी एक लाभ आहे. ज्या पृष्ठभागावर चाकाची खुर्ची जाते, तेथे चालायला शिकणारे मूलही सुरक्षित राहते. याच कारणास्तव एकसंध रबरी पृष्ठभागाचा विचार करावा. सुट्या वाळूत खुर्ची रुतते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माळ्याला, चौकीदाराला एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. ते रोज बागेत असतात. त्या बागेत धोका प्रथम दिसला तो अभियंत्याला नव्हे, माझ्यासारख्या मूल्यमापकाला तर नव्हेच. तो माळ्याला दिसला आणि त्याच्या हाती असलेला एकमेव उपाय, म्हणजे दोरी, त्याने वापरली.

विद्यार्थी मित्रहो, विकासाचे मोजमाप करताना आपण जे मोजतो त्याचीच काळजी घेतो. त्या पाहणीनंतर मी माझ्या तक्त्यात तीन रकाने वाढवले. साधनाखालील पृष्ठभाग कोणता व किती जाड, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, आणि आढळलेला दोष किती दिवसांत दूर झाला. त्या बागेचे गुण नव्या तक्त्यानुसार निम्म्यावर आले. तेथील अधिकारी नाराज झाले, ते स्वाभाविक होते. परंतु पुढच्या भेटीत झोपाळ्याची दोरी सुटलेली होती, नवी कडी बसलेली होती आणि खालचे पेव्हर ब्लॉक उचललेले होते. उद्या तुमच्यासमोर एखाद्या उद्यानाच्या पूर्णत्वाचा दाखला स्वाक्षरीसाठी येईल. स्वाक्षरी करण्यापूर्वी एकदा तेथे जा, झोपाळ्याखाली वाका आणि जमीन हाताने दाबून पाहा.